धर्म, दाखला आणि वारसा : यवतमाळ जिल्ह्यातील काही गैरसमज

यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, बंजारा आणि बौद्ध समाजाची मोठी वस्ती आहे. जातीचा दाखला, विवाह आणि वारसा या तिन्ही बाबतींत कायदा धर्माचा विचार करतो, पण प्रत्येक ठिकाणी निराळ्या रीतीने. हा फरक ध्यानात न घेतल्याने पुढील समज रूढ झाले आहेत.

गैरसमज : धर्म बदलला की आदिवासींच्या सवलती जातात.

वस्तुस्थिती : धर्माची अट अनुसूचित जातींना आहे, जमातींना नाही. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश सुरुवातीला मुख्यतः हिंदूंपुरता होता. त्यात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. जमातींच्या आदेशात अशी अट नाही. केवळ धर्मांतराने जमातीचा दर्जा आपोआप जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. मात्र संबंधित व्यक्तीने जमातीच्या रूढी-परंपरा सोडल्या आहेत का, हे पुराव्यावरून तपासले जाते.

गैरसमज : बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना हिंदू विवाह कायदा लागू नाही.

वस्तुस्थिती : १९५५ चा हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. बौद्ध पद्धतीने लागलेले लग्नही त्याच कायद्याखाली येते.

गैरसमज : गोंड आणि कोलाम हिंदू सण पाळतात, म्हणून त्यांना हिंदू कायदा लागू होतो.

वस्तुस्थिती : गोंडांचा पेरसापेन आणि कोलामांचा भीमायक ही त्यांची स्वतःची दैवते आहेत, अनेक कुटुंबे हिंदू देवतांनाही मानतात. तरीही हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा, दोन्हींच्या कलम २(२) नुसार, केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज हे कायदे अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. तेथे रूढी चालते. त्यामुळे मुलींना समान वाटा देणारी २००५ ची दुरुस्ती आदिवासी मुलींना थेट लागू होत नाही. वारसा कायद्यातील कलम २(२) चा फेरविचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केंद्राला सुचवले. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर त्यांचा वाटा नाकारता येणार नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला.

गैरसमज : समाज एक, श्रद्धा एक, म्हणजे प्रवर्गही सगळीकडे एकच.

वस्तुस्थिती : संत सेवालाल महाराजांना मानणारा बंजारा समाज पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आहे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक याच समाजातले. ते १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जाती (अ) प्रवर्गात मोडतात, तर पलीकडे तेलंगणात ते लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत आहेत. अनुसूचित जमातींची यादी संविधानाच्या अनुच्छेद ३४२ नुसार राज्यनिहाय ठरते आणि तीत बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे.