यंत्र अभियांत्रिकी : अभ्यास आणि पुढील वाटा

दहावीचा निकाल लागला की वसतिगृहातील मुलांच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : 'यंत्र शाखा घेतली तर पुढे काय?' संगणक शाखेच्या आकर्षणामुळे अलीकडे त्यात काळजीचा सूर अधिक असतो. आम्ही माजी विद्यार्थी याच वाटेने गेलो. म्हणून हे चार शब्द.

या शाखेचा अभ्यास समजून घ्यायला शेतातील डिझेल इंजिनाचा पंप पुरेसा आहे. इंधनाच्या उष्णतेतून कार्य कसे घडते, हे ऊष्मागतिकी सांगते. फिरणारा दांडा किती पीळ सोसेल, हे पदार्थबल शिकवते. पाणी वर कसे चढते, हे द्रवयांत्रिकीत कळते. पंपाचे कवच कसे ओतावे, हे उत्पादनशास्त्रात. हे सारे कागदावर उतरवणारी भाषा म्हणजे अभियांत्रिकी रेखाचित्र. गणित कच्चे असेल, तर मात्र पहिल्याच वर्षी अडखळायला होते.

दहावीनंतर तंत्रनिकेतनात 3 वर्षांची पदविका घेता येते आणि तिच्या गुणांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावी विज्ञानानंतर सीईटी देऊन 4 वर्षांची पदवी घेता येते. पदविकेची वाट दुय्यम नव्हे; ज्या घराला कमाईची निकड आहे, त्याला ती लवकर आधार देते.

पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज, नाशिक येथील कारखान्यांत आरेखन, उत्पादन, गुणवत्ता तपासणी व देखभाल ही कामे असतात. रेल्वे, औष्णिक वीज केंद्रे, अणुऊर्जा व अवकाश संशोधन या क्षेत्रांतही यंत्र अभियंते लागतात. पदवीनंतरची 'गेट' परीक्षा एम.टेक. आणि काही सार्वजनिक उपक्रमांची दारे उघडते. मात्र पहिली नोकरी पुष्कळदा कंत्राटी व तुटपुंज्या वेतनाची असते, हे लपवण्यात अर्थ नाही. शिकत असतानाच कॅड आणि सीएनसी यंत्रे हाताळणारा विद्यार्थी तेथून लवकर पुढे सरकतो.

पालकांना एक कळकळीची विनंती. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज निकालाची वाट न पाहता आधीच करावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व स्वाधार योजनेची माहितीही वेळेत घ्यावी. गुण असूनही कागदाअभावी जागा हुकली, तर त्याची किंमत मुलाचे एक वर्ष असते.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपण जेथे काम करतो तेथे शाळेतील दोन मुलांना एक दिवस तरी घेऊन जाऊया. चालते यंत्र जवळून पाहिलेल्या मुलाला आपली वाट निवडणे सोपे जाते.