कोपर मोडल्यानंतर हात चालता कसा करावा

झाडावरून अगर गाडीवरून पडून कोपराचें हाड मोडलें असतां, तें सांधलें कीं काम संपलें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु कित्येक आठवडे बांधून ठेवलेला सांधा ताठरतो व स्नायू रोडावतात. अशा वेळीं जोरानें चोळून घेणें किंवा दुसऱ्याकडून हात ओढून सरळ करविणें घातक होय; त्यायोगें स्नायूंतच हाड धरूं लागून कोपर जखडण्याचा संभव असतो.

बोटें व खांदा प्रारंभापासून हालवीत असावें. बोटें बधिर वा निळीं पडल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावें. पुढें त्यांची अनुज्ञा मिळतांच स्वतःच्याच बळानें हात हळूहळू वांकवावा व सरळ करावा. तळहात उताणा व पालथा करावा. दिवसांतून तीन-चार वेळां, दर खेपेस सुमारें दहा आवर्तनें पुरेत. दुसऱ्या दिवशीं सूज वाढल्यास प्रमाण कमी करावें.

हात पूर्ण सरळ न झाल्यास निराश होऊं नये. ३० पासून १३० अंशांपर्यंत घडी होत असल्यास नित्याचीं बहुतेक कामें साधतात, असें अमेरिकेंतील मॉरे प्रभृति संशोधकांनीं १९८१ सालीं मोजून दाखविलें. मात्र पेरणी तोंडावर आली तरी अनुज्ञेवांचून ओझें उचलूं नये.