डोक्यातील उवा आणि सुगंधी तेले

उवा हा विषय क्षुल्लक वाटतो. परंतु मानेवर गाठी आल्या म्हणून क्षयाच्या शंकेने आणलेल्या मुलीच्या केसांत पुष्कळदा उवा, लिखा व खाजवून चिघळलेल्या पुळ्या आढळतात. म्हणून तपासण्या लिहिण्यापूर्वी केस बाजूला सारून पाहावे, अशी तरुण सहव्यवसायींना विनंती आहे.

पर्मेथ्रिन हे औषध शेवंतीच्या कुळातील फुलांमध्ये सापडणाऱ्या पायरेथ्रिनच्या धर्तीवर बनविलेले आहे. ते उवेच्या मज्जातंतूंतील सोडियम मार्गिकांवर कार्य करते. या मार्गिकांत जनुकीय बदल झालेल्या उवा त्यास दाद देत नाहीत, हे अनेक देशांत आढळले आहे. सुगंधी तेलांतील घटक अन्य मार्गांनीही उवेवर आघात करतात. त्यामुळे संशोधकांचे लक्ष तिकडे वळले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत टी-ट्री व लॅव्हेंडर तेलांच्या मिश्रणाने ९७.६ टक्के मुले उवामुक्त झाली. पायरेथ्रिनयुक्त औषधाने केवळ २५ टक्के. मात्र ते मिश्रण प्रमाणबद्ध होते आणि अशा चाचण्या अद्याप थोड्याच झाल्या आहेत.

त्यावरून ‘झाडपाल्याचे ते निर्धोक’ असे मानू नये. खोबरेल तेलात कापूर घालून डोक्यास चोळण्याची रीत घरोघरी आहे. कापूर वा निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या आपल्या भागात सीताफळाच्या बियांची पूड लावतात. तिने उवा मरतात हे खरे. पण पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळास जखम होते व असह्य वेदना होतात. रॉकेल तर कटाक्षाने टाळावे.

मग करावे काय? औषध विधिपूर्वक लावावे. लिखा साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात व बहुतेक औषधे लिखांवर दुबळी ठरतात. म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावावे. घरातील सर्वांची डोकी तपासून बाधितांवर एकाच दिवशी उपचार करावेत. तरीही जिवंत उवा दिसल्या, तर डायमेथिकोनसारखे उवेला वेढून मारणारे औषध निवडावे. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर तीन-चार दिवसांनी दोन आठवडे फिरविणे, हा बिनखर्चाचा उपाय सर्वांस साध्य आहे.

मराठीत ऊ म्हणा की कन्नडमध्ये हेनु, ती अस्वच्छतेची खूण नव्हे. डोक्यास डोके लागले की ती पसरते. शाळा व वसतिगृहांनी मुलींचे केस कापू नयेत, त्यांना वर्गाबाहेर बसवू नये. फणी स्वस्त आहे. मुलीचा स्वाभिमान मोलाचा आहे.