आधी खांदा, मग रंग!

पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आणि फॉर्मल शर्ट घ्यायचाय? रंग, ब्रँड, डिस्काउंट सगळं नंतर. मी आधी खांदा बघतो. शिवण बरोबर खांद्याच्या टोकावर यायला हवी. दंडावर ओघळली की शर्ट मोठ्या भावाचा वाटतो. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पण खांद्याचं नाव काढलं की आमचा टेलर हात जोडतो. (बाही उसवून पुन्हा बसवायची, म्हणजे अर्धा शर्ट नव्याने शिवणंच की!)

दुसरा घोळ नंबरचा. आपल्याकडच्या बहुतेक रेडिमेड फॉर्मल शर्टांवरचा ४० म्हणजे छाती नव्हे बॉस, कॉलर! तीही सेंटिमीटरमध्ये. तेव्हा टेप गळ्याला लावा. वरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जायलाच हवीत. टाय लावून पॅनेलसमोर बसायचंय, गळा आवळला तर उत्तर काय डोंबल सुचणार?

आणि हो, ट्रायल रूममध्ये नुसते उभे राहू नका, बसून बघा. पोटावरच्या बटणांमध्ये फट पडली तर शर्ट तिथेच ठेवा. सेल्समन ‘स्लिम फिट आहे सर’ म्हणणारच!