मूत्रवाहिनीतली पाहुणी नळी

नीरा डाव्या कालव्याच्या टेलला पाणी कसे पोचते, हे इंदापूर तालुक्यातल्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. मूत्रपिंड-रोपणातली एक अडचण अशीच आहे.

भारतात हे रोपण प्रथम १९६५ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झाले. नवे मूत्रपिंड कमरेत नव्हे, ओटीपोटात बसवतात आणि त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयाला शिवतात. एरवी मूत्रवाहिनीला वाटेतल्या अनेक रक्तवाहिन्यांकडून रक्त मिळते. रोपणानंतर ते केवळ मूत्रपिंडाच्या बाजूने येते, म्हणून टोकाकडे कमी पडते. नेमके तिथेच टाके असतात. ते गळू नयेत किंवा तिथला मार्ग आवळू नये, यासाठी आतून एक बारीक नळी ठेवतात. हाच स्टेंट. त्यामुळे अशा गंभीर तक्रारी सुमारे चौथाईवर येतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे.

मग नळी कोणती वापरावी? सर्वांत रुळलेली नळी दोन्ही टोकांना आकड्यासारखी वळलेली असते. म्हणून तिला 'डबल-जे' म्हणतात. तिची जाडी जेमतेम २ मिलिमीटर. एक आकडा मूत्रपिंडात, दुसरा मूत्राशयात, त्यामुळे ती सरकत नाही. मात्र काही आठवड्यांनी ती दुर्बिणीने काढावी लागते. दुसऱ्या प्रकारात नळीचे टोक पोटाच्या त्वचेतून बाहेर पिशवीत सोडतात. नव्या मूत्रपिंडाचे मूत्र वेगळे मोजता येते आणि काढायला दुर्बीण लागत नाही. पण त्वचेतले छिद्र म्हणजे जंतूंना दार. तिसऱ्या प्रकारात आतली नळी दोऱ्याने लघवीच्या कॅथेटरला बांधतात. चार-पाच दिवसांनी कॅथेटर काढला की तीही येते. (कॅथेटर चुकून आधीच निघाला, तर नळीही जाते, हा तोटा.) टोकाला लोहचुंबक बसवलेल्या नळ्याही आता निघाल्या आहेत.

नळी जितके दिवस राहील, तितका जंतुसंसर्गाचा धोका अधिक. रोपणाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते, त्यामुळे साधा संसर्गही महागात पडतो. तीन आठवड्यांच्या आत नळी काढल्यास संसर्ग कमी होतो, असे दिसते. शिवाय मूत्रात क्षार असतात. ठिबकच्या नळीची छिद्रे क्षारांनी बुजतात, तशी काही महिन्यांत हिच्यावरही पुटे चढतात.

लोणी देवकरसारख्या गावाहून पुण्याला पुन्हा जायचे म्हणजे रोज बुडतो, सोबत माणूस लागतो. बरे वाटू लागल्यावर फेरी पुढे ढकलली जाते आणि नळी आत विसरली जाते. म्हणून दूरच्या रुग्णासाठी, शिवण चांगली जमली असेल तर, आम्हाला कॅथेटरला बांधलेली नळी अधिक व्यवहार्य वाटते. डबल-जे बसवली असेल, तर ती काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून घ्यावी. दुखेल तेव्हा पाहू, असे म्हणून इथे चालत नाही. रोपण करताना मूत्रपिंडाच्या नसा तुटलेल्या असतात; मार्ग पुरता तुंबला तरी बहुधा कळ येत नाही.