खेळाडूंचा शेवटचा थांबा, कोचचा पहिला

मिनेसोटा राज्यातल्या कॉलेजव्हिल नावाच्या आडगावी बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे आणि त्याला लागूनच सेंट जॉन्स विद्यापीठ. 1953 ते 2012 अशी साठ वर्षं तिथे जॉन गलार्डी फुटबॉल शिकवत होते. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेट आणि पॅड चढवून एकमेकांच्या अंगावर जाण्याचा. या खेळातला कोच म्हटला की गळ्यात शिट्टी आणि तोंडात शिव्या, अशी तिथली ठरलेली मूर्ती. गलार्डींकडे दोन्ही नव्हतं. मुलांनी त्यांना ‘कोच’ म्हणायचं नाही, नुसतं ‘जॉन’ म्हणायचं, हा त्यांचा नियम.

नियम कसले, नकारांची यादीच होती ती. सरावात टॅकल नाही, म्हणजे आपल्याच गड्याला आडवं पाडायचं नाही. जोर-बैठका नाहीत, मैदानाला फेऱ्या नाहीत, शिट्टी नाही. सराव दीड तासाच्या वर नाही. निवडचाचणीत कुणाला घरी पाठवायचं नाही, आला तो संघात. त्यामुळे संघ फुगून दीडशेच्या पुढे जाई. एक ‘व्यायाम’ तर असा, की सगळ्यांनी गवतावर उताणं पडायचं आणि शेजारच्याला म्हणायचं, “काय छान दिवस आहे!” मिनेसोटाची थंडी ज्याने सोसली आहे त्यालाच यातला विनोद पुरता कळेल.

याचं मूळ कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावात आहे. 1943 साली तिथल्या शाळेच्या कोचला लढाईवर बोलावणं आलं. संघ मोडायची वेळ आली तेव्हा सोळा वर्षांच्या गलार्डींनी शाळेला गळ घातली की खेळतोही मीच आणि शिकवतोही मीच. जुन्या कोचचा खाक्या म्हणजे सरावात पाणीसुद्धा प्यायचं नाही, पाणी मागणारा लेचापेचा. या पोराने पहिलं काय केलं, तर पाणी सुरू केलं आणि नकोसं वाटे ते बंद केलं. संघ जिंकायला लागला. पुढे मोंटानातलं कॅरोल कॉलेज आणि मग सेंट जॉन्स. निवृत्त झाले तेव्हा वय 86, नावावर 489 विजय आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात कुठल्याही पातळीवर इतके सामने दुसऱ्या कोणत्याही कोचने जिंकलेले नाहीत.

सेंट जॉन्स ज्या पातळीवर खेळतं तिचं नाव डिव्हिजन थ्री. अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, 1973 साली कॉलेजांचे तीन गट पाडले. टीव्हीवर दिसतो, लाखभर माणसांच्या स्टेडियममध्ये चालतो आणि कोचला कोट्यवधी देतो तो पहिला. तिसऱ्यात खेळाची शिष्यवृत्ती मुळातच नाही. घरची ऐपत पाहून मदत देता येते, गुण पाहून देता येते; ती ठरवताना मुलगा चेंडू किती लांब फेकतो हे मात्र विचारात घ्यायचं नाही. कॉलेजांची संख्या पाहिली तर हाच सगळ्यांत मोठा गट, आणि त्यातली दोनशेच्या वर कॉलेजं फुटबॉल खेळतात.

आता इथल्या कोचचं खरं काम पाहा. मैदान हा त्यातला हौसेचा भाग. उरलेला वेळ तो मुलं गोळा करत हिंडतो. गाडी काढून शाळाशाळांत जायचं, मुलाच्या घरी बसायचं, आई-वडिलांना पटवायचं, आणि हे सगळं हातात एक डॉलर नसताना. विल्यम्स किंवा अ‍ॅम्हर्स्टसारख्या प्रवेशाला कडक कॉलेजांत मुलाची गुणपत्रिका आधी प्रवेश कार्यालयाकडे जाते. तिथून ‘जमेल’ असं कानावर आल्याशिवाय कोच शब्द टाकत नाही. सामन्याचा व्हिडिओ कितीही झकास असो, गणितात गडगडलेला मुलगा त्याच्या कामाचा नाही.

दुसऱ्या टोकाला पटसंख्येला उतरती कळा लागलेली छोटी खासगी कॉलेजं आहेत. तिथे फुटबॉल हा चक्क प्रवेश वाढवायचा मार्ग आहे. समजा शंभर मुलं केवळ खेळायला मिळतं म्हणून आली आणि मदत वजा जाता प्रत्येकाने वर्षाला वीस हजार डॉलर भरले, तर वीस लाख डॉलर झाले. कोचचा पगार, बस आणि हेल्मेटं त्यात आरामात निघतात. म्हणून गेल्या काही दशकांत कित्येक लहान कॉलेजांनी फुटबॉल नव्याने सुरू केला. मोठ्या विद्यापीठात खेळाडूवर पैसा ओततात, इथे खेळाडूच कॉलेज चालवतो. मला या व्यवहारात फारसं वावगं दिसत नाही, फक्त त्यावर ‘निखळ हौशी खेळ’ असा साजूक मुलामा चढवला जातो तेव्हा हसू येतं.

अभ्यास मोठा की फुटबॉल, हा वाद सगळ्यांत कडाक्याने झाला तो शिकागो विद्यापीठात. 1892 साली तिथे अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग आले ते प्राध्यापकवर्गात नेमणूक घेऊनच. नोकरीची हमी असलेला कोच! चाळीस वर्षांनी, वयाच्या सत्तरीत, नियमावर बोट ठेवून त्यांना निवृत्त केलं, तर ते कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेले आणि आणखी चौदा मोसम शिकवलं. इकडे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना फुटबॉलचं प्रेम बेताचंच. 1939 मध्ये मिशिगनने शिकागोचा 85-0 असा धुव्वा उडवला, आणि त्याच डिसेंबरात विद्यापीठाने संघच बंद केला. तीन वर्षांनी, 2 डिसेंबर 1942 रोजी, स्टॅग यांचं नाव मिरवणाऱ्या त्या रिकाम्या स्टेडियमच्या प्रेक्षकसज्जाखाली एन्रिको फर्मींनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. फुटबॉलपेक्षा विद्या मोठी म्हणणाऱ्यांना याहून जोरदार दाखला कुठून मिळणार? पण 1969 साली शिकागोत फुटबॉल परत आला. आज तो तिसऱ्याच गटात आहे, आणि या गटाच्या अंतिम सामन्याला ‘स्टॅग बोल’ म्हणतात.

तिसऱ्या गटातल्या बहुतेक पोरांना पक्कं ठाऊक असतं की आपला फुटबॉल पदवीबरोबर संपणार. चौथ्या वर्षाचा शेवटचा सामना झाला की पॅड उतरवायचे आणि नोकरी नाही तर वैद्यकीय कॉलेज गाठायचं. पुढची पायरी आहे ती कोचला. ओहायोतल्या अलायन्स गावचं माउंट युनियन विद्यापीठ म्हणजे अशा कोचांचा कारखानाच. तिथले कोच लॅरी केरेस यांनी 27 मोसमांत 11 विजेतेपदं मिळवली आणि हरले फक्त 24 सामने. 2003 मध्ये त्यांची सलग 55 विजयांची घोडदौड अडवली ती गलार्डींच्या सेंट जॉन्सने, स्टॅग बोलमध्ये 24-6 अशी. केरेस स्वतः अलायन्स सोडून हलले नाहीत. त्यांची पोरं मात्र पांगली. त्यांच्या हाताखाली खेळलेला आणि तिथेच साहाय्यक म्हणून सुरुवात केलेला निक सिरियानी फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाचा कोच म्हणून सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला. वडिलांच्या जागी आलेल्या व्हिन्स केरेस यांनी दोन विजेतेपदं मिळवली आणि मग मुख्य कोचपद सोडून ते टोलिडो विद्यापीठात साहाय्यक झाले. खालच्या गटातला राजा वरच्या गटात शिपाई म्हणून रुजू होतो, आणि लोक त्याला बढतीच म्हणतात.

राजा म्हणूनच वर गेलेला माणूस विरळा. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरचे लान्स लायपोल्ड हे त्यातले. तिथे आठ मोसमांत 109 विजय, सहा पराभव आणि सहा विजेतेपदं. मग पहिल्या गटातलं बफेलो विद्यापीठ, आणि 2021 मध्ये कॅन्सस, जो संघ आदल्या वर्षी एकही सामना जिंकला नव्हता. दोन वर्षांनी त्याच कॅन्ससने नऊ सामने जिंकले. तरीही मोठ्या विद्यापीठांच्या निवड समित्या तिसऱ्या गटाकडे सहसा ढुंकून पाहत नाहीत. तिथे हमखास यश म्हणजे सोपे प्रतिस्पर्धी, असं त्यांचं गणित. शिष्यवृत्ती न देता दीडशे मुलं चार वर्षं टिकवून धरणं याला काय लागतं, ते त्या गणितात येत नाही.

एकदा तर अख्खं कॉलेजच वर गेलं, तेही ढकललं जाऊन. सेंट जॉन्सचा शंभर वर्षांहून जुना वैरी म्हणजे सेंट पॉल शहरातलं सेंट थॉमस विद्यापीठ. 2017 साली या दोघांचा सामना मिनीआपोलिसच्या बेसबॉल स्टेडियमवर झाला तेव्हा 37,355 प्रेक्षक आले, तिसऱ्या गटात न ऐकलेला आकडा. पण सेंट थॉमस आकाराने आणि यशाने इतकं वाढलं, की एकाच प्रादेशिक लीगमधल्या शेजारी कॉलेजांनी 2019 मध्ये त्याला बाहेरची वाट दाखवली. 2021 पासून ते थेट पहिल्या गटात आहे आणि सेंट जॉन्सशी होणारा वार्षिक सामना बंद पडला. फुटबॉलसाठी त्याने पायोनियर लीग निवडली. पहिल्या गटात असूनही ही लीग फुटबॉलची शिष्यवृत्ती देत नाही.