बाजार बोर्लीत, वाडी दिवेआगरात

मुंबई-पुण्याच्या मध्यवस्तीत खाली दुकाने, वर कचेऱ्या आणि तळघरात गाड्या अशी इमारत उठणार म्हटले, तर रस्त्यावरून जाणारा मान वर करूनही पाहत नाही. हीच इमारत रायगडच्या किनाऱ्यावर, दिवेआगरसारख्या गावात उभारायची म्हटले की प्रश्न वेगळा होतो. तो आज ना उद्या पुढ्यात येणार आहे, याची चिन्हे पुरेशी आहेत. जवळचे दिघी बंदर २०२१ पासून अदानी समूहाकडे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यांत दिघीचे नाव आहे. आगरदांडा ते दिघी हे अंतर आज गाडीसकट फेरीबोटीत चढून कापावे लागते. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा तिथला खाडीपूल झाला की मुंबई आणखी जवळ येईल. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने कोकण किनाऱ्यावरच्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, त्यावर कोकणात बरेच वादंगही झाले. एवढे सगळे घडत असताना कुणी म्हणाले, की आता दिवेआगरला एक चांगले व्यापारी संकुल हवे, तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की अशा इमारतीची या भागाला गरज असेल, तर तिची जागा चार-पाच किलोमीटरवरच्या बोर्ली पंचतनच्या बाजारात आहे. दिवेआगरच्या वाड्यांत नाही.

दुकाने आणि कचेऱ्या एकाच छपराखाली का आणायच्या, हे आधी पाहू. या विचाराची सर्वांत ठाम मांडणी अमेरिकेतल्या जेन जेकब्ज या लेखिकेने १९६१ साली केली. शहराचा रस्ता जिवंत राहायचा तर तिथे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामांसाठी माणसे यायला हवीत, असे तिचे निरीक्षण होते. सकाळी कचेरीत येणारा कारकून चहा घेतो, दुपारी डबा नसेल तर खाणावळीत जेवतो, संध्याकाळी घरी जाता जाता भाजी आणि मुलासाठी वही घेतो. कचेरी सुटल्यावर आसपासचे रहिवासी खाली उतरतात. एकाच्या येण्याजाण्यावर दुसऱ्याचा धंदा चालतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा मुंबईच्या गिरगावात हे कुणी योजून केले नव्हते; खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रीत गरजेतूनच पडली. जेकब्जने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र संकुलांच्या जाहिरातींत कधी येत नाही. रस्त्यावर जुन्या इमारतीही हव्यात, असे ती म्हणे. नव्या बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल करावा लागतो, आणि ते भाडे पेलणारे धंदे ठरावीकच असतात. नवा उद्योग करून बघणाऱ्या लहान माणसाला स्वस्त, जुनी जागाच परवडते.

आता हे माप दिवेआगरला लावू. या गावात रोज ठरल्या वेळी येणारी माणसे कोण? शाळा, ग्रामपंचायत, टपाल यांची आपापली माणसे आहेत, पण तहसील कचेरी श्रीवर्धनला आहे आणि पेठ बोर्लीत. दिवेआगरला गर्दी होते ती शनिवार-रविवारी, मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत आणि वर्ष संपताना. मंगळवारी दुपारी रस्त्यावर एसटीची वाट पाहणारी दोन-चार माणसे सोडली तर सगळी सामसूम. वरच्या मजल्यांवरच्या कचेऱ्या मग कुणाच्या असतील? बँकेला शाखा हवी तिथे ग्राहक रोज लागतात. वकील, लेखापाल, विमा एजंट यांचे अशील पंचक्रोशीत विखुरलेले. प्रामाणिक उत्तर द्यायचे तर सुट्टीच्या गावात वरच्या मजल्यांवर येतात ती प्लॉटविक्रीची कार्यालये, आणि त्यांची गावाला कितपत गरज आहे, हे ज्याने त्याने ठरवावे. कचेऱ्या रिकाम्या राहिल्या की खालची दुकानेही फक्त पर्यटकावर उरतात, आणि मिश्र वापराचा सगळा हिशेबच कोसळतो.

पर्यटकावर विसंबणे म्हणजे काय, हे या गावाने स्वतः भोगले आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये एका पोफळीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी निघाली, तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता. त्यानंतर सुवर्ण गणेशाच्या दर्शनाला महाराष्ट्रभरातून गाड्या येऊ लागल्या आणि गावात खोल्या, खाणावळी, नारळ-मोदकांची दुकाने उभी राहिली. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा खून करून मुखवटा पळवला. गर्दी ओसरली. मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडावे लागले. मधल्या साडेनऊ वर्षांत गाव समुद्रावर आणि सुरूच्या बनावर तगले. पण ते तगू शकले याचे मोठे कारण असे, की बहुतेकांचा धंदा स्वतःच्याच घरात होता. भाड्याने गाळे घेतलेल्या दुकानदारांची रांग असती, तर त्यांना तो काळ काढता आला असता का?

दिवेआगरच्या घराकडे नीट पाहिले, तर मिश्र वापर तिथे कधीचाच आहे. रस्त्याला लागून जांभ्याचा गडगा, आत अंगण, मग पडवी आणि ओटी, मागे स्वयंपाकघर, विहीर, आणि त्यामागे समुद्राच्या दिशेने लांबत गेलेली नारळ-पोफळीची वाडी. पाहुण्यांच्या खोल्या बहुधा बाजूला, कधी माडीवर. सकाळी अंगणात सुपारी वाळत पडलेली असते, त्याच अंगणाच्या कडेला पुण्याची गाडी उभी. आदल्या रात्री फोनवर 'किती जण जेवणार' एवढे विचारून घेतलेले असते, त्या हिशेबाने नारळ खवला जातो. मोदक हवेत की आंबोळ्या, हेही तेव्हाच ठरते. खोली, खाणावळ, शेतमालाची विक्री आणि राहते घर हे सगळे एका जोत्यावर. या धंद्याला वेगळे भाडे नाही, वेगळा चौकीदार नाही. गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी घरातली माणसे शिंपणे करतात, पावसाळ्यात खोल्या बंद ठेवतात आणि त्यामुळे कुणाचे काही अडत नाही. राज्याच्या 'निवास व न्याहारी' योजनेने अशाच घरांना नोंदणीची वाट दिली. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेतही स्थानिकांना आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवण्याची मुभा आहे, ती जोत्याचे क्षेत्रफळ, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता. दिल्लीत बसून लिहिलेल्या नियमात एरवी कोकणातल्या घराची एवढी समज सापडत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातच जमिनीवर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने माड मोडले, पोफळी ओळीच्या ओळी आडव्या झाल्या. त्याआधीच कोरोनाच्या टाळेबंदीने खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. म्हणजे घराचे दोन्ही पाय एकाच वर्षी लटपटले. नव्याने लावलेली पोफळ उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षे लागतात, माडाला तितकीच किंवा जास्त. अशा वेळी मोडलेल्या वाडीचा तुकडा विकण्याचा मोह होतो, आणि संकुलासाठी जागा लागते ती नेमकी अशाच तुकड्यांतून मिळते. म्हणूनच हा प्रश्न इमारतीपुरता नाही. वाडी पुन्हा उभी राहीपर्यंत मधली वर्षे कशी काढायची, तोही त्यात आहे.

सगळ्यांत कमी बोलले जाते ते पाण्याबद्दल. किनाऱ्यालगतच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी किंचित हलके, एवढाच काय तो फरक. भूजलशास्त्रातला साधा नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत त्याचा थर असतो. उपसा वाढून ही पातळी एक हात उतरली, तर कालांतराने खालून खारे पाणी चाळीस हात वर येऊ शकते. प्रत्यक्षात वाळूचे थर, भरती-ओहोटी, पाऊस यांनी हे आकडे बदलतात, पण दिशा बदलत नाही. घरोघरी विहिरीतून पाणी काढणारे गाव विखुरलेला उपसा करते. दोन-तीन मजली संकुल एकाच जागी विंधनविहीर घेते, तेही पाणी सर्वांत कमी असते त्या एप्रिल-मेमध्ये, कारण गिऱ्हाईक तेव्हाच असते. सांडपाण्याचेही तसेच. वाळूत शोषखड्डा चांगला शोषतो खरा, पण शोषलेले पाणी शेजारच्या विहिरीकडे जाते. खाऱ्या पाण्याने आधी सुपारी रोडावते, मग माणसांचे प्यायचे पाणी जाते.

असे बांधकाम कायद्याने आपोआप थांबेल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटर बांधकामबंदी आणि पाचशे मीटरपर्यंत निर्बंध, ही १९९१ पासूनची सर्वसाधारण चौकट. पर्यटन बांधकामाला दोन मजले आणि नऊ मीटर उंची एवढीच मुभा. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसे असतील तिथे, बंदीची रेषा पन्नास मीटरवर आणण्याची सोय झाली. पाचशे मीटरच्या पलीकडे तर किनाऱ्याचा नियम बहुतेक संपतोच. तेव्हा 'सीआरझेडमध्ये बसत नाही' एवढ्यावर विरोध उभा करणारा उद्या पाचशे एकाव्या मीटरवर निरुत्तर होईल.

बोर्ली पंचतनला यातल्या बहुतेक अडचणी नाहीत. ती आसपासच्या गावांची जुनी पेठ आहे. एसटी, बँका, औषधांची दुकाने, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा या सगळ्यांसाठी लोक तिथे रोज जातात. कुणी बियाणे घ्यायला येतो, कुणी पासबुक भरून घ्यायला, कुणी मुलाच्या दाखल्यासाठी. माणसांचे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामांनी येणे म्हणतात ते हेच. तिथे खाली दुकाने आणि वर कचेऱ्या अशी दोन-तीन मजली इमारत झाली, तर वरच्या मजल्यावर दंतवैद्य, संगणक शिकवणी, दस्त लिहून देणारा, बागायतदारांच्या सहकारी संस्थेची कचेरी, घरून काम करणाऱ्यांसाठी भाड्याच्या खुर्च्या हे सगळे पंचक्रोशीच्या आधारावर चालेल. दिघीच्या उद्योगांची माणसे आली, तर त्यांनाही बाजारच लागेल, समुद्र नव्हे. मात्र तिथेही सगळे गाळे एकदम महाग काढले, तर जेकब्जने सांगितलेलाच धोका आहे. रस्त्यालगतचे काही लहान गाळे आजच्या टपरीवाल्यांसाठी कमी भाड्याने राखून ठेवायला हवेत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो तरुणांचा. गावात नोकरी नाही म्हणून पोरे मुंबईला जातात, आणि तुम्ही कचेऱ्याही शेजारच्या गावी नेता? आक्षेप रास्त आहे. पण चार-पाच किलोमीटरवरची नोकरी ही दुचाकीवरून दहा-पंधरा मिनिटांची नोकरी आहे. तिच्यासाठी कुणाला चाळीत खोली घ्यावी लागत नाही. उलट कचेरी दिवेआगरात काढून ती दोन वर्षांत बंद पडली, तर ती नोकरी कुणालाच नाही. दुसरा आक्षेप असा, की आज किनाऱ्याकडच्या वाटेवर टपऱ्या, पत्र्याचे शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या यांचा जो पसारा आहे, त्यापेक्षा एक नीटनेटकी इमारत बरी. पसारा आहे, हे खरेच. पण त्याला हवेत ते स्वच्छतागृह, गावाबाहेर गाड्या लावायची जागा, कचऱ्याची रोजची उचल आणि टपऱ्यांना आखून दिलेली जागा. यांतल्या एकाही गोष्टीला दुसरा मजला लागत नाही. 'शहरातल्यांना कोकण फोटोपुरते तसेच राहायला हवे असते' हा टोमणाही ऐकू येतो, आणि तो बऱ्याचदा योग्य जागी लागतो. मात्र इथे तसे नाही. वाडी हे दिवेआगरकरांचे उत्पन्नाचे साधन आहे. तिला देखावा समजणारे बहुधा तिच्यात संकुल बांधू पाहणारेच असतात.

उरतो तो पैशाचा आक्षेप, आणि ग्रामसभेत तोच सर्वांत जोरात मांडला जाईल: इमारत बोर्लीत गेली, तर तिची घरपट्टीही बोर्लीला, आणि पर्यटकांचा कचरा मात्र आम्ही उचलायचा? हा हिशेब बरोबर आहे. त्याचे उत्तर दुसऱ्या खात्यातून काढावे लागेल. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १२४ ग्रामपंचायतींना यात्रेकरूंवर, तसेच दुकान आणि हॉटेल चालवण्यावर कर बसवू देते. दिवेआगरात नोंदलेल्या खोल्यांवर माणशी, रात्रीमागे किती अशी लहानशी रक्कम ठरवावी. ती कचरा, स्वच्छतागृहे आणि वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर एकदा आणि मेअखेरीस एकदा, विहिरींच्या पाण्याची क्षारता तपासणे यांसाठीच राखून ठेवावी, आणि तपासणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. पुढे कुणी मोठ्या बांधकामाचा नकाशा घेऊन आला, तर त्याला निदान तीन उन्हाळ्यांचे हे आकडे आधी दाखवता येतील.